मुरमाचे दिवस

परवा सकाळी गच्चीवर कुरडया घालत होते, तेवढ्यात गावाबाहेरच्या वावरांकडून क्रेनचा आवाज आला. विहीर खोदायची क्रेन. आधी नुसती डुगडुग, मग ओझं वर येताना घरघर, मग पुन्हा डुगडुग. हातातला सोऱ्या तसाच राहिला. खालून आमचे हे ओरडले, "अगं, चीक थंड होतोय!" होऊ दे म्हटलं. चार कुरडया कमी झाल्या तर कुणी मरत नाही. मी कठड्याशी जाऊन उभी राहिले आणि ऐकत राहिले.

लोकांना उन्हाळा आंब्यानं कळतो, लग्नाच्या पत्रिकांनी कळतो. मला तो या आवाजानं कळतो. तूर निघाली, हरभरा निघाला, नांगरटी झाल्या, की आमच्या वाशिमकडची जमीन महिना-दीड महिना उघडी पडते. गवत नाही, पीक नाही, झाकपाक नाही. पुण्याचे पाहुणे आले की म्हणतात, "काय हो हा उजाडपणा तुमच्याकडे!" मला मनापासून राग येतो. अहो, वर्षातून एकदा ही जमीन आपला चेहरा दाखवते, तेव्हा तुम्ही एसीच्या काचा वर करून बसता आणि वर नावं ठेवता. मी फटकळ आहे, हे तोंडावर बोलून दाखवते. म्हणून आमच्याकडे पाहुणे कमीच येतात.

माझं लहानपण केनवडचं. काळ्या वावरात उन्हाळ्यात भेगा पडायच्या त्या अशा, की चप्पल आत गेली तर गेली. आम्ही पोरी पालथ्या पडून भेगेत खडा टाकायचो आणि कान लावायचो. टक, टक, टक, आणि मग काहीच नाही. आई धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, ओरडायची, "कायले तोंड घालून राह्यल्या वं त्याच्यात? साप निंघन एखादा!" साप कधी निघाला नाही. खडा कुठं गेला हे मात्र डोक्यातून गेलं नाही. त्यापायी पुढे भूगोल घेतला, जन्मभर कॉलेजात शिकवला, आणि रिटायर होऊनही सुटका नाही.

आमचं एक मंडळ आहे. खरं नाव इतकं लांबलचक, की पत्रिकेच्या दोन ओळी खातं. आपसात आम्ही झीज मंडळ म्हणतो. खाली ताजा काळा पाषाण असतो, वर माती असते, आणि दोहोंच्या मधे पाषाण कुजून झालेला सगळा ऐवज असतो: मुरूम, चुनखडी, लाल-पिवळे थर. त्या मधल्या ऐवजाचा अभ्यास करणारी ही माणसं. कुणी शिकवतं, कुणी भूजल खात्यातून निवृत्त झालेलं, कुणी रस्ते बांधतं, कुणी मातीच्या प्रयोगशाळेत असतं. खडकवाले आम्हाला मातीवाले समजतात आणि मातीवाले खडकवाले. दोघंही पंगतीला बोलवत नाहीत, म्हणून आमची वेगळी पंगत. हा अभ्यास वाढावा, शाळा-कॉलेजांत शिकवला जावा, विहीर खोदणाऱ्याला आणि रस्ता करणाऱ्याला त्याचा उपयोग व्हावा, म्हणून आम्ही वर्षातून एकदा कुठंतरी जमतो. तेही भर वैशाखात, कारण तेव्हाच जमीन उघडी असते आणि जागोजागी ताजं खोदकाम चालू असतं.

चार-पाच वर्षांपूर्वीचा मेळावा मी हट्टानं वाशिमला मागून घेतला. माझ्यासकट बारा जण जमलो. दोन लग्नांच्या मधे रिकामं असलेलं मंगल कार्यालय मिळालं. तिथल्या मॅनेजरनं वहाणा, पिशव्या, हातोड्या बघून विचारलं, "तुमी पोराकडचे का पोरीकडचे जी?" मी म्हटलं, "मातीकडचे." त्यानं मान डोलावली. त्याला वाटलं, कुणाचं तरी आडनाव असेल.

आमच्या मंडळाच्या दोन रीती आहेत. कुठलाही नवा कट, म्हणजे खोदून उघडी झालेली जमिनीची भिंत समोर आली, की पहिली पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही. नुसतं बघायचं. विद्वान माणूस एकदा बोलायला लागला की त्याचे डोळे बंद होतात, असं आमच्यातले सगळ्यात वडील कामत सर सांगतात. दुसरी रीत संध्याकाळची. सगळ्यांनी गोल बसायचं आणि 'आज मी कुठं चुकलो' ते एकेकानं सांगायचं. कुणी टिंगल करायची नाही. मी इतकी वर्षं मंडळात आहे, आणि खरं सांगते, माझ्या वाट्याला नेहमी अशी चूक यायची की जी सांगितल्यानं माझी शानच वाढावी.

कामत सर कोकणातले, जांभ्या दगडात वाढलेले. पंच्याहत्तरी उलटलेली, गुडघे गेलेले, पण मातीचा थर दिसला की डोळे लहान मुलासारखे. चिमूटभर माती जिभेवर घेतात, दाताखाली फिरवतात, कचकच किती लागते त्यावरून तिची जात सांगतात. पहिल्या दिवशी एका नाल्याच्या काठी त्यांनी मुरमाचं ढेकूळ उचललं आणि मला म्हणाले, "नीट बघ. ही रेघ दिसते?" पिवळट ढेकळात एक बारीक पांढरी रेघ तिरकी गेली होती. "ही पाषाणातली फट. पाषाण होता तेव्हाची. तो सगळा कुजला, पण रेघ जागची हलली नाही." आणि मूठ दाबली. ढेकळाचा भुगा झाला, बोटांतून गळून गेला.

हे सगळं मी वर्गात फळ्यावर काढून शिकवलं होतं. पण आपल्या पायाखालचा पाषाण उभ्या जागी, रेघही न मोडता, इतका मऊ होतो की सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या मुठीत त्याचं पीठ व्हावं, हे मी पहिल्यांदा पाहिलं. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथं तापलेला रस वाहिला, थिजला, एवढा कठीण झाला की लोखंड परतावं. आणि त्याला कुणी मऊ केलं? पावसाच्या पाण्यानं. मुळांनी, मुंग्यांनी. घाई न करता. गंमत अशी, की तो ताजा कठीण पाषाण पाण्याचा थेंब धरत नाही, त्याच्यात जागाच नसते. कुजतो तेव्हा त्याच्यात जागा होते आणि तिथं पाणी राहतं. आपण पितो ते पाणी. मी अर्धा तास नाल्याच्या काठी बसून राहिले.

हल्ली सर प्रवास करत नाहीत. एप्रिल लागला की फोन येतो. "क्रेन लागल्या का गं तुमच्याकडे?" लागल्या, सर. "मग काय निघालं?" मी सांगते, अमुक गावाला इतकं खाली चुनखडी निघाली, तमुकाच्या विहिरीत लाल थर निघाला. ते हं हं करतात. दहा मिनिटं आम्ही दोघं त्या भिंतीसमोर फोनवरच उभे असतो.

तर, कांताबाई. त्यांची मुलगी माझी विद्यार्थिनी, आता अकोल्याला नर्स आहे. कांताबाईंचं दोन एकर वावर अनसिंगच्या अलीकडे, उताराच्या माथ्यावर. हलकी मुरमाड जमीन, वडिलांकडून आलेली. पाणी शेजाऱ्याच्या विहिरीवरून आणायचं. शेजारी माणूस वाईट नव्हता, पण पाणी त्याचं म्हणजे वेळही त्याची. "आज आमची हळद भिजते, उद्या ये" म्हटलं की या हात हलवत परत. असे किती उन्हाळे गेले. शेवटी सरकारी योजनेतून विहीर मंजूर झाली. ती एकदाच मिळते. पाणी नाही लागलं तर जागा बदलायला नवा अर्ज, नव्या चकरा आणि काही झालं तरी पुढचा उन्हाळा. कांताबाईंनी खोदकाम सुरू झाल्याचं मला कळवलं आणि म्हणाल्या, "तुमचे पाव्हने येऊन राह्यले ना मॅडम, घेऊन या. आमचीही विहीर पाहू द्या त्याइले." मला तर हेच हवं होतं. माझ्या जिल्ह्यातली ताजी खोदलेली, पंचवीस फुटांची भिंत, आणि ती दाखवणारी मी.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गेलो. विहिरीच्या भिंतीत वर हातभर माती, मग चुनखडीचा पट्टा, मग मुरूम, पिवळा, तांबूस, करडा. आम्ही रीतीप्रमाणे गप्प उभे राहिलो. बारा माणसं टोप्या काढून, माना खाली घालून. कांताबाईंनी माझा पदर ओढला आणि हळूच विचारलं, "मॅडम, कोनी गेलं काय यांच्यातलं?" मला हसू आवरेना. पाच मिनिटांची रीत त्या दिवशी तीन मिनिटांत मोडली.

खोदणारे रहीम मिस्त्री. क्रेन त्यांचीच, चार माणसं हाताखाली. तळाशी दोन दिवसांपासून काळा कठीण दगड लागला होता आणि काम अडलं होतं. सरांचे गुडघे चालेनात, म्हणून क्रेनच्या टोपल्यात बसून मी खाली उतरले. अर्धा तळ सुट्या मालाखाली झाकलेला, उरलेल्या अर्ध्यात तो दगड. मी हातोडा मारला. टण्ण! कानठळ्या बसाव्यात असा. वर बघितलं तर गोल आभाळ आणि कडेनं तेरा-चौदा डोकी, सगळी माझ्याकडे बघणारी.

"मॅडम," रहीम मिस्त्री शेजारून, हातातली पहार टेकत म्हणाले, "मले तं हा गोटा वाटते. सब्बल कडेले घसरून राह्यली."

"अहो रहीमभाई, एवढा मोठा गोटा असतो का? अर्धी विहीर व्यापलीय त्यानं."

"असते कदी कदी," ते म्हणाले, आणि पहार भिंतीला टेकवून ठेवली.

मी खालूनच जाहीर केलं, "पाषाण लागला. इथून खाली कोरडं."

"नक्की ना?" वरून सरांनी विचारलं.

"सर, मी इथलीच आहे," मी म्हटलं. हे वाक्य आजही आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात.

वर आले तेव्हा कांताबाईंनी एवढंच विचारलं, "म्हनजे पानी नाही?"

"नाही, बाई."

त्यांनी चूल पेटवली. बारा जणांचा चहा केला. कपबशा गोळा करताना म्हणाल्या, "पंचायतीत दाखवाले कागद लागन मॅडम, तज्ज्ञाचा." मी लगेच मंडळाचा छापील कागद काढला, लिहिलं, सही केली, आणि वर मंडळाचा शिक्काही मारला. तो शिक्का नवा होता, मारायला कारणच मिळत नव्हतं. खड्डा उघडा राहिला तर गुरं पडतील, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी जेसीबी बोलावून तो बुजवायचं ठरलं. रहीम मिस्त्रींना केनवडला दुसरी विहीर होतीच.

संध्याकाळी कार्यालयाच्या पायऱ्यांवर आम्ही गोल बसलो. माझी पाळी आली. मी म्हटलं, "दुपारच्या जेवणात मठ्ठा कमी पडला, ही माझी चूक." सगळे हसले. सर हसले नाहीत, पण ते मला नंतर आठवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेलूबाजारकडे. रस्ता रुंद करायला टेकाड कापलं होतं, दोन मजले उंच ताजी भिंत. आता जाऊन बघाल तर काही दिसणार नाही. पावसानं ती घसरली, वर घाणेरी माजली. पण त्या सकाळी ऊन तिरपं पडलं होतं आणि ती भिंत म्हणजे काय सांगू! पिवळ्या मुरमात काळे गोटेच गोटे. बटाट्याएवढे, घागरीएवढे, बैलगाडीएवढे. प्रत्येकाभोवती कांद्यासारखी सालं, एकावर एक, बाहेरची पार मऊ, आत आत कठीण, आणि अगदी मधे तो टणक गाभा अजून न कुजलेला. अख्खा पाषाण असा बाहेरून आत कुजत गेला होता आणि जे राहिलं ते गोटे होऊन राहिलं. पाच मिनिटं सुरू झाली. माझ्या अंगावर काटा आला. मंदिरात कधी आला नाही इतका.

आणि दुसऱ्याच मिनिटाला मी दोन पावलं पुढे सरकले. भिंतीच्या मधोमध तीन प्रचंड गोटे एकमेकांना खेटून बसले होते, खोलीएवढे. त्यांच्यावर उभं राहून हातोडा मारला असता तर टण्ण वाजलं असतं. कुणीही पाषाण म्हटलं असतं. आणि त्यांच्या खाली? खाली मुरूम. पिवळा, ओलसर, दहा-पंधरा फूट, रस्त्यापर्यंत.

"मी चुकले," मी म्हटलं. मोठ्यांदा. सगळ्यांनी वळून पाहिलं, पाच मिनिटं संपायची होती. "काल मी गोट्याला पाषाण म्हटलं. कांताबाईंची विहीर आज बुजवणार आहेत."

सर म्हणाले, "मग इथं काय करतेस?"

कांताबाईंचा फोन लागेना. रहीम मिस्त्रींचा नंबर माझ्याकडे नव्हता, कारण तो घ्यावा असं मला वाटलंच नव्हतं. जीप निघाली, मागून दुसरी. तासाहून जास्त रस्ता. ड्रायव्हरला मी इतक्यांदा "हाण" म्हटलं, की शेवटी तो म्हणाला, "ताई, तुमीच चालवता का?" सबंध वाटेत मी एकच गोष्ट घोकत होते. पाणी असेल की नसेल ते जाऊ दे, पण त्या बाईचा खड्डा माझ्या सहीनं बुजायला नको.

पोचलो तेव्हा क्रेन सुटी करून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवली होती. रहीम मिस्त्री दोर आवळत होते. जेसीबी धुऱ्यापाशी उभा, ड्रायव्हर झाडाखाली भाकरी खात होता. कांताबाई मुरमाच्या ढिगावर बसल्या होत्या.

मी सांगितलं. एका दमात, धापा टाकत. गोटा, पाषाण, शेलूबाजार, सगळं.

कांताबाई उठल्याही नाहीत. "मॅडम, काल तुमी म्हनल्या पाषान. आज म्हनता गोटा. उद्या काय म्हनसान?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"उद्याचं मी सांगत नाही," मी म्हटलं. "खाली पाणी आहेच, असंही म्हणत नाही. एवढंच सांगते, की काल मी लिहून दिलेला कागद खोटा आहे. रहीमभाई मला बजावत होते, मी ऐकलं नाही. चारचौघांत मोठं दिसायचं होतं मला."

कांताबाईंनी मान वळवली. "भाईजान, तुमी काल म्हनलं होतं?"

"म्हनलं होतं," मिस्त्री म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "जाऊ द्या मॅडम. गोट्यानं मले भी फसवलं हाय दोन खेपा."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"तुमी कागद हाती घेऊन बसल्या होत्या बाई. शिक्क्याचा."

कांताबाई उठून खड्ड्याच्या कडेशी गेल्या, आत वाकून बघितलं. आम्ही बारा जण, ट्रॅक्टरवाला, जेसीबीवाला, सगळे त्यांच्याकडे बघत होतो. मग त्यांनी कमरेचा पदर घट्ट खोवला. "उतरवा क्रेन."

रहीम मिस्त्रींनी केनवडला फोन लावून दोन दिवस मागून घेतले, शिव्या खाल्ल्या, आणि दोर सोडायला लागले. आमच्या मंडळाचा कार्यक्रम छापील होता, भाषणं होती, ठराव होते. एकही झालं नाही. सर बाभळीच्या सावलीत खुर्ची टाकून बसले. आमचे प्रयोगशाळेतले, भूजलवाले, रस्तेवाले सगळे घमेली उचलायला लागले. तळावरचा सुटा माल काढला तेव्हा दिसलं, एक नाही, दोन गोटे होते, खेटून बसलेले, आणि दोघांच्या मधे वीतभर मुरमाची फट. माझ्या पायाखालीच होती ती. फटीतून मुरूम कोरत कोरत, घणानं कडा फोडत, तुकडे वर काढत जवळजवळ एक दिवस गेला. मीही घमेली उचलत होते. मोठे तुकडे वर आले की मी त्यांच्या सालीवरून हात फिरवायची. एवढा काळ काढून तो दगड अजून अर्धाच कुजला होता, आणि मी त्याच्यावर पाच मिनिटंही थांबले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी खालून रहीम मिस्त्रींचा आवाज आला, "बाई! मुरूम लागला. पिवळा!" आणि थोड्या वेळानं, एकदम वेगळ्याच आवाजात, "ओल हाय जी. ओल हाय!"

घमेली जागच्या जागी थांबली. सर खुर्चीतून उठले, गुडघ्यांची पर्वा न करता कडेपर्यंत आले. तीस-एक फुटांखाली करड्या भिंतीवर एक काळसर डाग पसरत होता. त्यातून एक थेंब सुटला, मग त्याच्यामागून दुसरा, आणि मग बारीक धार. आवाज येण्याइतकीही नाही. इतकं पाणी मी नळाला रोज बघते. पण त्या धारेसाठी मी कडेला पालथी पडून मान आत घातली.

कांताबाई म्हणाल्या, "मले खाली सोडा." मिस्त्रींनी एकदा नको म्हटलं, मग टोपलं रिकामं केलं. त्या बसल्या, दोर दोन्ही हातांनी धरला, आणि क्रेन डुगडुगत त्यांना खाली घेऊन गेली. तळाशी उतरून त्या भिंतीशी गेल्या, दोन्ही तळवे ओल्या मुरमावर टेकले आणि तशाच उभ्या राहिल्या. वरून फक्त त्यांच्या डोक्यावरचा पदर दिसत होता.

त्या वर आल्या तेव्हा कोपरापर्यंत हात चिखलानं पिवळे झाले होते, आणि एका तळव्यात थोडं गढूळ पाणी राहिलं होतं, गळत, सांडत. सरळ माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"मॅडम, एक सांगा. हे पानी किती दिसापासून तिथं बसून असन?"

मी तोंड उघडलं. मागे सर होते, अख्खं मंडळ होतं. उत्तरासारखं काहीतरी जिभेवर आलंही होतं, मोठमोठ्या आकड्यांचं.

"माहीत नाही," मी म्हटलं.

कांताबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा हसल्या.

"येते तं 'माहीत नाही' म्हनता तुमाले!"